बोक्याची खातेनिहाय चौकशी

आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण बंद, आणि अंड्याने तर आमचा उंबरा कधी पाहिलाच नव्हता. सदाशिव पेठेतल्या अशा घराच्या मागच्या अंगणात माझ्या वडिलांनी लोकांनी खायचे पक्षी पाळले, आणि ते पक्षी भलताच कुणीतरी खातोय म्हणून घर डोक्यावर घेतलं. आज हे सांगताना मला हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं, कारण त्यापायी माझी आत्या घर सोडून जायला निघाली होती.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होते. कामगाराने चोरी केली, मारामारी केली किंवा साहेबाला उलट उत्तर दिलं की त्याची खातेनिहाय चौकशी व्हायची, आणि ती बाबा करायचे. आरोपपत्र, साक्षीपुरावे, बचावाची संधी, सगळं अगदी नियमात बसवून. आपल्या चौकशीत कधी कुणाला त्रुटी काढता आली नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. आपल्या चौकशीतून कधी कुणी निर्दोषही सुटला नाही, हे ते वेगळं सांगत नसत.

मग देशाची दारं उघडली. बाहेरच्या कंपन्या आत आल्या आणि पिंपरीतली माणसं बाहेर पडली. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणत. यात स्वेच्छा कुणाची, हे विचारायचं नसतं. बाबांनी बराच काळ इतरांना समजावून, चहा पाजून त्यांच्याकडून स्वेच्छेच्या अर्जावर सह्या घेतल्या. सगळे गेल्यावर साहेबांनी बाबांना बोलावलं आणि चहा मागवला. चहा येण्याआधीच आपल्याला उमगलं, असं बाबा सांगायचे.

मी त्याच सुमाराला खराडीला लागले होते. अमेरिकेत कुणाचा संगणक अडला की रात्रभर फोनवर त्याच्याशी गोड बोलायचं, हे माझं काम. स्वभावात नसलेली गोष्ट करायची म्हणून पगार बरा होता. सकाळी घरी यायचं, झोपायचं, दुपारी उठायचं. बाबांना ही नोकरी वाटतच नसे. दिवसा झोपणारी माणसं त्यांनी फक्त आरोपपत्रात पाहिली होती.

पण खराडीत काहीतरी चाललंय, हे त्यांच्याही कानावर होतं. कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यांच्या डोक्यात लाव्हे घातले. जपानी जातीचे छोटे पक्षी, पाळायला चालणारे. खराडीला काचेच्या इमारतींत पोरं बसलीत, त्यांना कोंबडीचा कंटाळा आलाय, हॉटेलवाले बटेर बटेर करतायत, एवढं ऐकल्यावर बाबांनी अंगणात पिंजरे मांडले. आईने विचारलं, मांसाचा धंदा करणार का आता? बाबा म्हणाले, छे, पक्षिसंवर्धन. संवर्धन करून पाठवणार कुठे, असं आईने विचारलं. खराडीला, बाबा म्हणाले. जणू लाव्हे तिथे जाऊन नोकरीलाच लागणार होते.

वरच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यातूनच अभिप्राय दिला की वास येतो असं आमचं म्हणणं नाही, फक्त आम्ही श्वास घेणं कमी केलंय. त्यानंतर विरोध असा कुणी केला नाही.

आता आत्याबद्दल. ती बाबांची मोठी बहीण, आणि मोठी म्हणजे चांगलीच मोठी. आजी लवकर गेली, तेव्हा बाबा रांगत होते. आत्याने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं, मुलींच्या शाळेत शिवण शिकवून त्यांना शिकवलं, आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. ती बाबांना एका लाडाच्या नावाने हाक मारायची. ते नाव मी इथे लिहिणार नाही. लहान मुलाला शोभेल आणि मोठ्या माणसाची लाज जाईल, असं होतं. बाबा अधिकारी झाले तेव्हा त्यांनी आत्याला सांगितलं की ताई, आता ही हाक बंद कर, घरी ऑफिसातली माणसं येतात. आत्याने बंद केली. त्यानंतर ती त्यांना काहीच हाक मारत नसे. काम असेल तर समोर जाऊन उभी राहायची.

अंगणाला लागून तिची खोली. तिथे तिचा बोका होता. राखाडी, मोठ्या डोक्याचा, एक कान कुठल्यातरी भांडणात अर्धा दिलेला. निवृत्तीनंतर आत्याला बोलायला तोच. आम्ही होतो, पण मी झोपलेली, आई कामात आणि बाबा लाव्ह्यांत. दार लोटून घेऊन ती त्याच्याशी तासन्‌तास हळू आवाजात बोलायची. काय बोलायची, त्याला काय म्हणायची, आम्ही कधी विचारलं नाही. आम्ही त्याला बोका म्हणायचो आणि तो आमच्याकडे लक्ष द्यायचा नाही.

पिल्लं पहिले काही दिवस बल्बच्या उबेत खोक्यात असायची, मग अंगणातल्या जाळीच्या पिंजऱ्यात. पहिल्या खेपेला सगळं सुरळीत गेलं. दुसऱ्या खेपेची पिल्लं जाळीत गेली आणि मरायला लागली. दुपारचा चहा घेऊन बाबा अंगणात जायचे, तर पिंजऱ्यात जाळीला टेकून एखादं पिल्लू पडलेलं. धड शाबूत आणि मुंडकं गायब. मोठ्या लाव्ह्यांना काही नाही, फक्त पिल्लांना. बाबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, आपल्या घरात हिंसा, असं म्हणून त्यांनी आंघोळ केली.

मग तज्ज्ञांचं मत घेणं आलं. पुण्यात तज्ज्ञ शोधावा लागत नाही, तो जिन्यात भेटतो. वरचे काका म्हणाले, साप. खाद्यवाला म्हणाला, घूस. जुना सहकारी फोनवर म्हणाला, मुंगूस, दुसरं काही असूच शकत नाही. बाबांनी तिघांचंही ऐकून घेतलं आणि तिघांनाही बाद केलं, आणि इथे मला त्यांचं कौतुक केलंच पाहिजे. साप असता तर पिल्लू अख्खंच्या अख्खं गेलं असतं, धड ठेवून जाण्याइतका तो सभ्य नाही. मुंगूस आत शिरलं असतं तर एका पिल्लावर भागलं नसतं, सगळा पिंजरा आडवा झाला असता. घुशीने खालून उकरलं असतं, आणि अंगण फरशीचं आहे. दोन रात्री ते टॉर्च घेऊन जागले, रात्री काही झालं नाही. म्हणजे हे दिवसा होतंय. मुंडकं गेलंय पण धड आतच आहे, म्हणजे मारणाऱ्याला आत शिरता येत नाही, तो बाहेरून साधतो. त्यांनी निष्कर्ष काढला तो असा: दिवसाढवळ्या येणारा, जाळीबाहेरून मारणारा, अंगणात राजरोस वावरणारा आणि घरातलं कुणीही ज्याला हटकत नाही असा कुणीतरी.

हा निष्कर्ष शेवटपर्यंत एका अक्षरानेही खोटा ठरला नाही. तो निष्कर्ष काढून बाबांनी मान वळवली, तर पिंजऱ्याशेजारी खाद्याच्या पोत्यावर बोका उताणा झोपला होता.

तरी त्यांनी घाई केली नाही. पुरावा हवा म्हणून त्यांनी आईचा रांगोळीचा डबा घेतला आणि पिंजऱ्याभोवती फरशीवर रांगोळी भुरभुरवली. दुपारनंतर पाहिलं तर बोक्याचे पंजे स्पष्ट. चोहीकडे कावळ्यांचीही पावलं होती, पण ती बाबांनी हाताने पुसून बाजूला केली. कावळे आमचे रोजचेच. जेवायला बसण्याआधी भाताचा घास बाहेर कावळ्याला ठेवायचा, हा काकबळीचा नेम बाबांनी आजोबा गेल्यापासून एक दिवस चुकवला नव्हता. त्यातला एक कावळा जरा लंगडत चालायचा. आजोबाही शेवटी लंगडायचे. तेव्हा तो कावळा म्हणजे अण्णाच, अशी बाबांची खात्री होती, आणि ते त्याच्याशी अहोजाहो करत. पाहुण्यांची पावलं कुणी पुराव्यात घेत नाही.

बोका आत्याच्या खोलीत जायला त्याच फरशीवरून चालतो, दुसरा रस्ताच नाही, हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, प्रत्येक आरोपी हेच सांगतो.

रविवारी सकाळी अंगणात चौकशी बसली. टेबल, खुर्ची, पाण्याचा तांब्या. मला टिपणं घ्यायला बसवलं. आईचं नेमकं त्याच दिवशी डोकं दुखलं. बाबांनी आरोपपत्र खणखणीत आवाजात वाचलं: आपण, राखाडी रंगाचा बोका, राहणार मागची खोली, यांनी आस्थापनेच्या मालमत्तेस हेतुपुरस्सर हानी पोहोचवली. मग त्यांनी ते बोक्यापुढे ठेवलं. बोक्याने ते हुंगलं, त्यावर एकदा गोल फिरला आणि त्यावरच बसला. आरोपीने आरोपपत्र स्वीकारलं, असं लिही, बाबा मला म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. मला वाटतं, कारखाना सुटल्यापासून त्या सकाळी ते पहिल्यांदा स्वतःसारखे दिसत होते, आणि म्हणूनच मी गप्प बसून लिहीत राहिले.

बचावाला आत्या उभी राहिली. हातातलं शिवणकाम तिने खाली ठेवलं नव्हतं.

"तू पाहिलंस का त्याला मारताना?" तिने विचारलं.

बाबा म्हणाले, परिस्थितीजन्य पुरावा आहे. आत्याने विचारलं की पोट भरलेला बोका मुंडकं तोडून धड कशाला सोडेल. सराईतपणा, बाबा म्हणाले. मग आत्या म्हणाली की पिल्लांच्या मुंडक्यांची एवढी चौकशी चाललीये, तर दर खेपेला मोठे झालेले लाव्हे टोपल्या भरभरून खराडीला जातात, त्यांच्या मुंडक्यांची चौकशी कुठे असते? बाबांनी मला सांगितलं, हे लिहू नकोस, विषयाला सोडून आहे.

निकाल अर्थातच दोषी असा लागला. शिक्षा आमच्या पेठेत मांजरांना पूर्वापार आहे तीच: पोत्यात घालून नदीपार सोडणे. पाणी ओलांडलं की मांजराला घरची वाट सापडत नाही, असं म्हणतात. आत्या एवढंच म्हणाली, "त्याला सोडलंस तर मी नाशिकला जाईन, मैत्रिणीकडे. परत येणार नाही." तिने आवाज चढवला नव्हता, त्यामुळे बाबांना ती धमकी वाटली नाही. कामगारांच्या धमक्या आरडाओरड्यात ऐकायची त्यांना सवय होती.

खराडी नदीपलीकडेच. लाव्ह्यांची खेप घेऊन बाबा रिक्षाने निघाले तेव्हा शेजारी पोत्यात बोका होता. संध्याकाळी परत आले ते विजयी मुद्रेने. पोत्याचं तोंड वाटेतच सुटलं म्हणे, पण बोका पळाला नाही. सबंध नगर रोडभर लाव्ह्यांच्या टोपलीला टेकून बसला होता, त्याने टोपलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "बघ," बाबा मला म्हणाले, "केवढा मुरलेला आहे."  बाबा त्याला माझ्या कंपनीच्या मागच्या भिंतीशी सोडून आले होते.

मला बाबांचा संताप आला होता. पण त्यांच्यापुढे उभं राहून बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती, आणि अमेरिकेतल्या माणसांशी गोड बोलून बोलून माझी भांडायची सवयही मोडली होती. मी रोज पहाटे कामावरून सुटल्यावर त्या भिंतीपाशी जाऊन बोका, बोका म्हणून ओरडायचे. काही हलायचं नाही. आत्या जेवायला बाहेर यायची बंद झाली. आई ताट आत नेऊन द्यायची, ते अर्धं परत यायचं. दूध ओतलेली बशी मात्र आत्या रोज दाराबाहेर ठेवायची आणि रोज उचलायची. मग एके दिवशी मी पाहिलं, माळ्यावरची ट्रंक तिने खाली काढली होती आणि शिवणाचे दोरे, कात्री, चष्म्याचं घर असं एकेक त्यात ठेवत होती. मला पाहून म्हणाली की नाशिकची हवा चांगली आहे. तिला नाशिक अजिबात आवडत नाही.

आणि अंगणात पिल्लू मेलं. मुंडकं गायब, धड आत, जाळीला टेकून. बाबा बराच वेळ पिंजऱ्यापुढे उभे राहिले. मला वाटलं, आता तरी कबूल करतील. "म्हणजे याला साथीदार होता," ते म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण ती आमच्या अंगणात घडताना पाहीन असं वाटलं नव्हतं. मी ठरवलं की दुसऱ्या दिवशी झोपायचं नाही. माझ्या खोलीची खिडकी अंगणावरच होती. बाबांनी देवाला नैवेद्य दाखवला, बाहेर येऊन काकबळीचा भात ठेवला. तो ते पूर्वी भिंतीवर ठेवायचे. पण दुसऱ्या खेपेसाठी भिंतीला लागून जादा पिंजरे आले तसा हात पुरेना, म्हणून हल्ली पिंजऱ्याच्या पत्र्यावर ठेवत होते. हात जोडले आणि आत गेले. घर जेवलं आणि आडवं झालं. कावळे आले, लंगडाही आला. ते भात टोचायला लागले तशी चार शितं ओघळून जाळीबाहेर पडली. आतल्या पिल्लांनी ती पाहिली. एका पिल्लाने शीत टिपायला जाळीच्या भोकातून मान बाहेर काढली. मोठ्या लाव्ह्याची मान त्या भोकातून जात नाही, पिल्लाची जाते. लंगडा कावळा पत्र्याच्या कडेवरून फक्त वाकला.

मी आत जाऊन बाबांना उठवलं आणि खिडकीशी आणून उभं केलं. कावळा अजून तिथेच होता, चोच पुसत होता. पिल्लू जाळीला टेकून पडलं होतं. बाबांनी पत्र्यावरचा भात पाहिला, खालची शितं पाहिली, कावळा पाहिला.

"अहो अण्णा," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

आयुष्यभर कांद्याला हात न लावलेल्या आपल्या वडिलांची मुद्देमालासह गाठ पडल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? कसलं आरोपपत्र, कसली चौकशी, काही नाही. त्यांनी काठीही उगारली नाही. पाटावर बसून त्यांनी चहा मागितला आणि तो तसाच निवू दिला. मग उठून आत्याच्या खोलीत गेले. मी दाराशी होते. ट्रंक भरून झाली होती, वर फक्त घडी घातलेली शाल होती.

"कावळा होता," बाबा म्हणाले.

"अण्णांना जिवंतपणी तरी कुठे काही सोडवत होतं," आत्या म्हणाली. पण ती ट्रंकेतून काही बाहेर काढेना. बाबांनी तिला सांगितलं की बोका निर्दोष आहे. ती म्हणाली की ते तिला आधीच माहीत होतं. यावर बाबांकडे नियम नव्हता. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला कामावर परत घेतलं नव्हतं, त्यामुळे ते कसं करतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ते उभेच राहिले, मग म्हणाले, "चल, ताई. रिक्षा आणतो."

आम्ही तिघं खराडीला पोहोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. गळ्यात कंपनीचे पट्टे घातलेली पोरं-पोरी फाटकातून आत-बाहेर करत होती. पहारेकऱ्याने बाबांना विचारलं, कुणाला भेटायचंय. बोक्याला, बाबा म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी माझा पट्टा दाखवला. तो म्हणाला, अर्धा कान गेलेला का? तो कॅन्टीनच्या मागे असतो, पोरं रोज खायला घालतात. पहाटे कॅन्टीनच बंद असतं, तेव्हा मी कुणाला हाका मारत होते देव जाणे. एवढे इंजिनिअर रोज मुलाखती देऊन तिथे लागत होते, आमचा बोका मात्र पोत्यातून थेट रुजू झाला होता.

भिंतीवर तो बसलेला दिसला. अंगाने भरला होता. बाबा पुढे झाले. त्यांनी ये ये केलं, च्‌ च्‌ केलं, खिशातून आणलेला पेढा पुढे केला. बोका बघत राहिला, जागचा हलला नाही. मागे कठड्यापाशी पोरं-पोरी चहा पीत उभी होती, त्यांतली दोघं हसली. बाबांचे कान लाल झाले.

"ताई," ते मागे न बघता म्हणाले, "याला काय म्हणतेस तू?"

 मला वाटलं, आत्याला सांगायचं नाहीये. मग ती दोन पावलं पुढे आली, पदर सारखा केला, आणि त्या सगळ्या काचेच्या इमारतींसमोर तिने हाक मारली. ते नाव मी लहानपणी एकदाच, आईच्या तोंडून, चोरून ऐकलं होतं. घरी ऑफिसातली माणसं येतात म्हणून बंद झालेलं ते नाव.

बोक्याने उडी मारली. पण त्याच्याआधी बाबांनी ओ दिली होती.